अँटिलिया (इमारत)

अँटिलिया ही दक्षिण मुंबईतील कंबाला हिल परिसरात, आल्टामाउंट रोडवर (एस. के. बरोडावाला मार्ग) उभी असलेली निवासी गगनचुंबी इमारत आहे. रिलायन्स इंडस्ट्रीज या उद्योगसमूहाचे अध्यक्ष मुकेश अंबानी व त्यांचे कुटुंब यांचे ते खासगी निवासस्थान होय. इमारतीची उंची १७३ मीटर असून तिला २७ मजले आहेत. तिचे बांधकाम २००६ ते २०१० या काळात झाले. एकाच कुटुंबासाठी बांधलेली जगातील सर्वांत उंच व सर्वांत महागड्या घरांपैकी एक म्हणून तिची गणना होते.

या इमारतीविषयी भारतात आणि भारताबाहेर मोठ्या प्रमाणावर मतप्रदर्शन झाले. जमीन खरेदीची वैधता, एका कुटुंबासाठी एवढ्या मोठ्या वास्तूचे औचित्य, छतावरील हेलिपॅड, विजेचा वापर आणि इमारतीचे बाह्यरूप हे या चर्चेतील प्रमुख विषय होते. मुंबईत उंच इमारतींना होणारा विरोध सहसा सावली, वारा, पाणीपुरवठा आणि वाहतूक या कारणांनी होतो. अँटिलियाच्या बाबतीत मात्र उंचीपेक्षा जागा कोणाची होती आणि ती कोणत्या कामी आली, हा प्रश्न अधिक काळ चर्चेत राहिला.

नाव

अँटिलिया हे अटलांटिक महासागरातील एका काल्पनिक बेटाचे नाव आहे. पंधराव्या शतकातील युरोपीय दर्यावर्दींच्या नकाशांत पोर्तुगाल व स्पेन यांच्या पश्चिमेला हे बेट दाखवलेले आढळते. पुढील सागरी सफरींत असे बेट अस्तित्वात नसल्याचे स्पष्ट झाले, तरी नाव टिकून राहिले. वेस्ट इंडीजमधील अँटिलीस द्वीपसमूहाचे नाव याच बेटावरून पडले असे मानले जाते. मुंबईतील जमीन ज्या कंपनीच्या नावे खरेदी झाली, तिचे नावही अँटिलिया कमर्शियल प्रायव्हेट लिमिटेड असे होते.

परिसर व पूर्वपीठिका

मलबार हिल, कंबाला हिल आणि त्यांच्या लगतचे रस्ते हा भाग ब्रिटिश काळापासून धनिकांच्या बंगल्यांसाठी प्रसिद्ध आहे. स्वातंत्र्योत्तर काळात जमिनीच्या किमती वाढल्या, तशा बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहू लागल्या. जवळच्याच कारमायकेल रोडवरील उषाकिरण ही २५ मजली इमारत १९६१ मध्ये पूर्ण झाली. भारतातील सुरुवातीच्या उंच निवासी इमारतींत तिची नोंद होते.

याच टेकडीवरील कांचनजंगा ही इमारत वास्तुरचनेच्या अभ्यासात विशेष महत्त्वाची मानली जाते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी तिचा आराखडा केला व १९८३ मध्ये तिचे काम पूर्ण झाले. २८ मजली, सुमारे ८४ मीटर उंचीच्या या इमारतीत ३२ सदनिका आहेत. जुन्या बंगल्यांभोवतीच्या व्हरांड्याची कल्पना कोरिया यांनी येथे उभ्या इमारतीत आणली. दोन मजले उंचीच्या कोपऱ्यातील गच्च्यांमुळे ऊन व पाऊस थेट खोल्यांत येत नाही, पण समुद्राचा वारा मिळतो. अँटिलियाची उंची कांचनजंगाच्या दुपटीहून थोडी अधिक आहे, तर मजल्यांची संख्या तिच्यापेक्षा एकाने कमी आहे. दोन्ही वास्तूंमागील हेतूतील फरक या आकड्यांवरून ध्यानात येतो.

जागा आणि जमिनीचा वाद

अँटिलिया ज्या भूखंडावर उभी आहे त्याचे क्षेत्रफळ ४,५३२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४५ गुंठे आहे. ही जागा पूर्वी करीमभॉय इब्राहिम खोजा यतिमखाना या धर्मादाय संस्थेच्या मालकीची होती. मुंबईतील गिरणीमालक व दानशूर गृहस्थ सर करीमभॉय इब्राहिम यांनी १८९५ मध्ये ही संस्था स्थापन केली. खोजा समाजातील अनाथ व गरजू मुलांचा सांभाळ आणि शिक्षण हे तिचे उद्दिष्ट होते.

२००२ मध्ये विश्वस्तांनी जागा विकण्याची परवानगी धर्मादाय आयुक्तांकडे मागितली. ती मिळाल्यावर जागा अँटिलिया कमर्शियल कंपनीला सुमारे २१ कोटी रुपयांना विकण्यात आली. त्या वेळचा बाजारभाव याच्या कित्येक पटींनी अधिक, दीडशे कोटी रुपयांच्या घरात होता, असा आक्षेप पुढे घेतला गेला.

वादाचा गाभा कायदेशीर आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी आवश्यक असते. वक्फ अधिनियम, १९९५ च्या त्या वेळच्या कलम ५१ नुसार वक्फ मालमत्तेच्या हस्तांतरणास वक्फ मंडळाची पूर्वमंजुरी लागत असे. महाराष्ट्रात या अधिनियमाखालील वक्फ मंडळ २००२ मध्येच अस्तित्वात आले. त्यामुळे यतिमखान्याची जागा केवळ सार्वजनिक न्यासाची होती की वक्फची, आणि कोणाची मंजुरी निर्णायक होती, हा प्रश्न निर्माण झाला.

राज्याचे तत्कालीन वक्फमंत्री नवाब मलिक यांनी व्यवहाराला विरोध केला. महसूल विभागानेही हरकत घेतली आणि व्यवहारास स्थगिती देण्यात आली. वक्फ मंडळाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली असता, न्यायालयाने याचिका फेटाळून मंडळास मुंबई उच्च न्यायालयाकडे जाण्यास सांगितले. पुढे कंपनीकडून १६ लाख रुपये मिळाल्यावर मंडळाने आपली हरकत मागे घेतली व ना हरकत प्रमाणपत्र दिले. त्यानंतर स्थगिती उठली. मात्र वादावर पूर्ण पडदा पडला नाही. २०११ मध्ये, इमारत बांधून झाल्यावर, व्यवहाराच्या केंद्रीय अन्वेषण विभागामार्फत चौकशीचा विषय पुन्हा पुढे आला.

मुस्लिम व्यक्तीने स्थापन केलेला प्रत्येक धर्मादाय न्यास आपोआप वक्फ ठरत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाशी संबंधित एका निकालात स्पष्ट केले. तो निकाल अँटिलियाच्या जमिनीविषयी नव्हता. तथापि अशा वादांत दोन कायद्यांची हद्द कोठे मिळते आणि कोठे वेगळी होते, हे समजण्यासाठी तो उपयुक्त आहे.

रचना

इमारतीचा आराखडा पर्किन्स अँड विल या शिकागो येथे स्थापन झालेल्या अमेरिकन वास्तुविशारद संस्थेने तयार केला. अंतर्गत सजावटीचे काम हर्श बेडनर असोसिएट्स या अमेरिकन संस्थेकडे होते. बांधकामाचे कंत्राट लेटन या मूळच्या ऑस्ट्रेलियन कंपनीकडे देण्यात आले होते.

सामान्य निवासी इमारतीत एका मजल्याची उंची सुमारे तीन मीटर असते. त्या हिशेबाने १७३ मीटर उंचीत ५० हून अधिक मजले बसतात. अँटिलियातील अनेक मजल्यांचे छत दुप्पट किंवा त्याहून अधिक उंच असल्याने येथे २७ मजलेच आहेत. अंतर्गत क्षेत्रफळ सुमारे ४ लाख चौरस फूट, म्हणजे ३७,००० चौरस मीटर असल्याचे सांगितले जाते. खालच्या सहा मजल्यांवर १६८ मोटारींसाठी वाहनतळ आहे. त्यांवरील मजल्यांवर दिवाणखाने, समारंभगृह, सुमारे ५० आसनांचे चित्रपटगृह, पोहण्याचे तलाव, व्यायामशाळा, मंदिर, पाहुण्यांच्या खोल्या व सेवकवर्गासाठी जागा आहेत. कुटुंबाचे निवासाचे मजले वरच्या भागात आहेत. छतावर तीन हेलिपॅडची सोय केलेली आहे. रिश्टर मापनावर ८ तीव्रतेचा भूकंप सहन करू शकेल अशी तिची रचना असल्याचे सांगितले जाते.

इमारतीतील प्रत्येक मजल्याचा नकाशा व साहित्य शक्यतो वेगळे ठेवण्यात आले असून सूर्य आणि कमळ ही दोन चिन्हे सजावटीत वारंवार वापरली आहेत. काही मजले मुद्दाम मोकळे ठेवून तेथे बागा केल्या आहेत. उभ्या भिंतींवर वेली व झाडे वाढवून इमारतीत शिरणारी उष्णता कमी करावी, अशी मूळ कल्पना होती. बांधकामापूर्वी प्रसिद्ध झालेल्या चित्रांत संपूर्ण मनोरा हिरवाईने आच्छादलेला दिसत होता. प्रत्यक्षात उभ्या राहिलेल्या इमारतीत काच, पोलाद आणि काँक्रीट यांचे प्राबल्य असून हिरवाई तुलनेने मर्यादित आहे.

उंच इमारत म्हणजे अधिक घरे, असा सर्वसाधारण समज असतो. भूखंडावर किती बांधकाम करता येईल हे चटई क्षेत्र निर्देशांकावरून ठरते. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत शहर विभागासाठी निवासी बांधकामाचा मूळ निर्देशांक १.३३ होता. मात्र वाहनतळ, आपत्कालीन आश्रयमजले यांसारखी काही क्षेत्रे त्या मोजणीतून वगळली जात. त्यामुळे मुंबईत इमारतीची उंची व तिचे एकूण बांधकाम यांवरून तेथे किती लोक राहतात, याचा अंदाज करता येत नाही. अँटिलिया हे त्याचे टोकाचे उदाहरण होय.

बांधकामाचा काळ

जमीन ताब्यात आल्यानंतर प्रत्यक्ष बांधकाम २००६ मध्ये सुरू झाले. २००७ च्या सुमारास आराखड्याची चित्रे वृत्तपत्रांत आली आणि साठ मजल्यांइतके उंच घर म्हणून त्याची चर्चा सुरू झाली. २००८ मध्ये फोर्ब्स या अमेरिकन नियतकालिकाने त्याचे वर्णन अब्ज डॉलर किमतीचे जगातील पहिले घर असे केले आणि खर्च दोन अब्ज डॉलरच्या आसपास जाईल असा अंदाज दिला. मालकपक्षाच्या प्रवक्त्यांनी सांगितलेला बांधकामखर्च याच्या तुलनेत फारच कमी होता. या तफावतीमुळे खर्चाचा निश्चित आकडा कायम वादाचा राहिला. प्रसिद्ध झालेल्या अनेक आकड्यांत बांधकामाचा खर्च आणि मालमत्तेची अंदाजित बाजारकिंमत यांची गल्लत झालेली दिसते.

पेडर रोड व हाजीअलीच्या बाजूने जाणाऱ्या नागरिकांना बांधकामाची प्रगती दुरूनही दिसत असे. एकसारखे मजले चढत जाण्याची सवय असलेल्या मुंबईकरांना मध्येच मोकळे सोडलेले, पुढेमागे सरकलेले मजले अपरिचित वाटले. काम अर्धवट थांबले आहे की रचनाच तशी आहे, अशी शंका काम पूर्ण झाल्यावरही व्यक्त होत असे.

नोव्हेंबर २०१० मध्ये गृहप्रवेशाचा समारंभ झाला. मात्र कुटुंब तेथे लगेच राहावयास गेले नाही. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने इमारतीत दोष असल्यामुळे हा विलंब झाला, अशा बातम्या २०११ मध्ये प्रसिद्ध झाल्या. जगभरातील वृत्तपत्रांनी रिकाम्या राजवाड्याची कथा म्हणून त्यांना प्रसिद्धी दिली. त्यानंतर कुटुंबाचे वास्तव्य तेथे सुरू झाले.

लोकप्रतिक्रिया

हेलिपॅडला विरोध

आराखड्यातील तीन हेलिपॅडना शासकीय यंत्रणांकडून हरकती आल्या. मुंबईतील खासगी इमारतींवर हेलिपॅडला परवानगी देण्यास नौदलाने २०१० मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव प्रतिकूलता दर्शवली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानेही अशी हेलिपॅड ध्वनिप्रदूषणविषयक नियमांशी विसंगत असल्याचे मत दिले. आवाज फाउंडेशन या मुंबईतील संस्थेने हा विषय लावून धरला होता. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ डेसिबल व रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. हेलिकॉप्टरच्या उड्डाणाने व उतरण्याने ती सहज ओलांडली जाते. अँटिलियाविषयीच्या आक्षेपांपैकी शेजारच्या रहिवाशांच्या दैनंदिन जीवनाशी थेट संबंध असलेला हा आक्षेप होता.

विजेचा वापर

२०१० च्या अखेरीस इमारतीचे एका महिन्याचे वीजबिल ७० लाख रुपयांहून अधिक आल्याची बातमी प्रसिद्ध झाली. वापर सुमारे ६ लाख ३७ हजार युनिट असल्याचे तीत म्हटले होते. महिन्याला ३०० युनिट वीज वापरणारे कुटुंब धरले, तर एवढ्या विजेत दोन हजारांहून अधिक घरांची गरज भागते. त्या काळात मुंबई शहराला अखंड वीज मिळत असली तरी राज्याच्या ग्रामीण भागात, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यासह अनेक ठिकाणी, रोज कित्येक तासांचे भारनियमन होते. शेतीपंपांना तर बहुधा रात्रीच वीज मिळे. त्यामुळे या बातमीवरील ग्रामीण प्रतिक्रिया शहरी प्रतिक्रियांहून अधिक तीव्र होत्या.

विषमतेचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबईच्या लोकसंख्येपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. या पार्श्वभूमीवर एका कुटुंबासाठी २७ मजली घर असावे का, हा प्रश्न अनेकांनी विचारला. मे २०११ मध्ये लंडनच्या द टाइम्स या दैनिकात टाटा समूहाचे तत्कालीन अध्यक्ष रतन टाटा यांची मुलाखत प्रसिद्ध झाली. अशा घरात राहणाऱ्याने सभोवतालच्या परिस्थितीचा विचार करावयास हवा, अशा आशयाचे त्यांचे मत तीत आले. एका ज्येष्ठ उद्योगपतीने दुसऱ्या उद्योगपतीच्या घराविषयी जाहीरपणे बोलण्याचा हा प्रसंग विरळा असल्याने त्याची मोठी चर्चा झाली. हे विधान संदर्भ सोडून छापले गेले, असा खुलासा टाटा समूहाने नंतर केला.

लेखिका अरुंधती रॉय यांनी २०१२ मध्ये आउटलुक साप्ताहिकात लिहिलेल्या ‘कॅपिटॅलिझम : अ घोस्ट स्टोरी’ या दीर्घ निबंधाची सुरुवात याच इमारतीपासून केली. संपत्ती वरून खाली झिरपत नसून वरच साठत आहे, या त्यांच्या मांडणीचे प्रतीक म्हणून अँटिलिया त्यात येते. हा निबंध २०१४ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

समर्थनाची बाजू

इमारतीच्या बाजूनेही युक्तिवाद झाले. स्वतःच्या पैशाने घर बांधणे हा मालकाचा अधिकार आहे, बांधकामामुळे आणि पुढील देखभालीमुळे शेकडो लोकांना रोजगार मिळाला, आणि राजवाडे बांधणाऱ्या संस्थानिकांना जो न्याय लावला जातो तोच उद्योगपतींना लावावा, असे समर्थकांचे म्हणणे होते. इमारतीत सुमारे ६०० जणांचा सेवकवर्ग असल्याचे नेहमी सांगितले जाते. उदारीकरणानंतरच्या भारतात संपत्ती लपवण्याऐवजी उघड दाखवण्यात गैर काही नाही, हे मत विशेषतः तरुण वर्गात आढळले.

टीकाकारांनी यावर असे उत्तर दिले की, संस्थानिकांच्या राजवाड्यांवरही त्यांच्या काळात टीका झाली होती; आणि येथे आक्षेप घराच्या आकारापुरता नसून अनाथ मुलांसाठी राखलेल्या जागेच्या किमतीविषयी आहे.

रचनेवरील अभिप्राय

वास्तुरचनेच्या दृष्टीनेही मते विभागलेली आहेत. आडव्या बंगल्याची जीवनपद्धती उभ्या मनोऱ्यात बसवण्याचा हा धीट प्रयोग असल्याचे काहींचे मत आहे. एका मोठ्या वाड्यात चौक, बाग, देवघर, पाहुण्यांचा दिवाणखाना आणि घोड्यांची पागा ज्या क्रमाने असते, तो क्रम येथे एकावर एक रचला आहे, असे या वास्तूचे वर्णन करता येते. याउलट, असमान ठोकळे एकमेकांवर ठेवल्यासारखे तिचे रूप ओबडधोबड असून परिसराशी तिचा मेळ बसत नाही, अशी टीका झाली. रस्त्याच्या पातळीवर उंच भिंती, पहारा आणि वाहनतळ यांमुळे पादचाऱ्यांशी इमारतीचे कोणतेही नाते राहत नाही, हा आक्षेपही घेतला गेला.

समकालीन इमारतींशी तुलना

अँटिलिया पूर्ण झाली त्याच वर्षी, २०१० मध्ये, जवळच्या ताडदेव येथे वास्तुविशारद हाफीज कॉन्ट्रॅक्टर यांच्या आराखड्यानुसार बांधलेले द इंपीरियल हे साठ मजली जुळे मनोरे पूर्ण झाले. ती झोपडपट्टी पुनर्वसन योजना होती. तेथील झोपडीधारकांना त्याच जागेच्या एका भागात घरे देऊन उरलेल्या भागात विक्रीसाठी मनोरे उभारण्यात आले. लोअर परळ व वरळी येथील गिरण्यांच्या जमिनींवरही याच सुमारास अतिउंच निवासी प्रकल्प जाहीर झाले. श्रीनिवास मिलच्या जागेवरील वर्ल्ड वन हा मनोरा ४४२ मीटर उंच होणार असे २०१० मध्ये जाहीर झाले होते; विमान वाहतुकीच्या दृष्टीने उंचीची परवानगी न मिळाल्याने तो सुमारे २८० मीटरवर पूर्ण झाला. श्रीराम मिलच्या जागेवरील पॅले रॉयल हा प्रकल्प आश्रयमजले व सार्वजनिक वाहनतळ यांच्या वादामुळे अनेक वर्षे न्यायालयात अडकला.

या सर्व प्रकल्पांना सामायिक असा एक धागा आहे. यतिमखाना, झोपडपट्टी किंवा गिरणी अशा, पूर्वी वेगळ्या लोकांच्या उपयोगात असलेल्या जमिनींवर ते उभे राहिले. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मूळ रहिवाशांचा हिस्सा कायद्याने ठरलेला असतो. गिरणीच्या जमिनींबाबत कामगारांना घरे मिळावीत यासाठी दीर्घ लढे झाले. यतिमखान्याच्या बाबतीत असा हिस्सा नव्हता. जागेच्या मोबदल्यात संस्थेला काय मिळाले, एवढाच प्रश्न उरत होता, आणि म्हणूनच विक्रीची किंमत हा वादाचा केंद्रबिंदू ठरला.

नंतरचा काळ

काळाच्या ओघात टीकेची धार कमी झाली. मुंबई दर्शनासाठी आलेल्या पर्यटकांना ही इमारत बाहेरून दाखवली जाते. कुटुंबातील विवाहसोहळे व गणेशोत्सव यांनिमित्त तिच्यावर केलेली रोषणाई पाहण्यासाठी गर्दी होते. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याशी तिची तुलना वारंवार केली जाते. मात्र तो राजवाडा राजपदाशी जोडलेला असून कोणाची खासगी मालमत्ता नाही.

२५ फेब्रुवारी २०२१ रोजी इमारतीच्या जवळ स्फोटक कांड्या ठेवलेली मोटार आढळली. या प्रकरणाचा तपास राष्ट्रीय तपास संस्थेकडे गेला आणि त्याचे राज्याच्या राजकारणात दूरगामी पडसाद उमटले. त्यानंतर परिसरातील बंदोबस्त अधिक कडक करण्यात आला.

महत्त्व

अँटिलियाविषयीच्या प्रतिक्रियांचा क्रम लक्षणीय आहे. पहिल्या टप्प्यात जमिनीचा वाद, बांधकामाच्या काळात खर्च व आकार यांविषयीचे कुतूहल, पूर्ततेनंतर विषमतेची चर्चा आणि अखेरीस प्रेक्षणीय स्थळ म्हणून स्वीकार, असा तो आहे. यांपैकी हेलिपॅडसारख्या प्रश्नांना नियमांच्या चौकटीत उत्तर देता आले. घर किती मोठे असावे, हा नैतिक प्रश्न कोणत्याही नियमावलीच्या कक्षेत येत नव्हता. धर्मादाय संस्थेच्या जमिनीचे मोल कोणी व कसे ठरवावे, हा प्रश्न मात्र कायद्याच्या कक्षेतील असून केवळ या इमारतीपुरता मर्यादित नाही. महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत वसतिगृहे, अनाथालये, धर्मशाळा आणि शिक्षणसंस्था यांच्या जमिनी आता मोक्याच्या ठिकाणी आल्या आहेत. त्यामुळे नगररचना, धर्मादाय कायदा आणि सामाजिक न्याय यांच्या अभ्यासात अँटिलियाच्या उदाहरणाला स्थान आहे.